खिंडीत ठेवलेला शीण

शेलवडी नावाच्या एका गावात एक जासूद राहत होता. त्याचे नाव सुभाना. जासूद म्हणजे निरोप पोचवणारा. गाव डोंगराच्या पायथ्याशी होते, किल्ला डोंगरापलीकडे, आणि मधे शेवरीची खिंड. किल्लेदाराचा खलिता कमरेला बांधून जासूद त्या खिंडीतून धावत ये-जा करीत. घोडा त्या वाटेवर चालत नसे. तिथे माणसाचे पायच कामी येत.

सुभानाचा बापही जासूद होता. एकदा खलिता घेऊन येताना तो दमला आणि खिंडीत घटकाभर बसला. बसल्याबसल्या त्याचा डोळा लागला. खलिता उशिरा पोचला. त्यात कुणाचे काही बिघडले नाही. किल्ल्यावरच्या एका लग्नाची तिथी तेवढी त्यात लिहिलेली होती. पण गावाने त्याला बसक्या म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव मरेपर्यंत सुटले नाही. मुलगाही मग बसक्याचा सुभाना झाला. त्यामुळे सुभानाला दोन गोष्टींची भारी चीड होती. एक बसण्याची आणि दुसरी दमण्याची.

गावात निंबाजी नावाचा एक म्हातारा होता. त्याने चाळीस वर्षे जासुदी केली होती आणि आता तो नव्या जासुदांना तयार करीत असे. सगळे त्याला वस्ताद म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, पण मांडी घालून बसला की हात न टेकता उठे. चालताना असा चाले, जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे.

वस्तादाची शिकवण्याची रीत फार संथ होती. पहिला पंधरवडा तो पळू देतच नसे. खरीखुरी घागर डोक्यावर देऊन नुसते चालवायचा. मान वर, खांदे सैल, नजर दहा पावलांपुढे. पाय आपटायचा नाही, ठेवायचा. श्वास नाकाने घ्यायचा. पुढचा पंधरवडा अर्धी चढण. मग पाऊण. दर चौथ्या दिवशी धावणे बंद. त्या दिवशी अंगाला तेल चोळायचे आणि पोटभर झोपायचे. कुणाचा गुडघा जरा कुरकुरला, तरी वस्ताद त्याला घरी धाडून देई.

"अंग काय म्हणतं ते आधी ऐका," तो सांगे. "ते हळू बोलतं. नाही ऐकलं, तर मग ओरडतं."

सुभानाला हे सगळे म्हातारपणाचे चोचले वाटत.

त्या वर्षी किल्ल्यावरच्या मुख्य जासुदाची जागा रिकामी झाली. किल्लेदाराने दवंडी पिटवली की दसऱ्याला सगळ्या जासुदांनी गावातून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत आणि तिथून परत धावायचे. जो पहिला येईल त्याला चांदीचे कडे आणि ती जागा. दसऱ्याला दोन महिने राहिले होते. सुभाना वस्तादाकडे गेला आणि आपण जिंकू का म्हणून विचारू लागला. वस्तादाने त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला आणि पुढच्या दसऱ्याला म्हणून सांगितले. यंदा पोटरी अजून कच्ची होती.

दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सुभानाने बायकोला, भागाला, रानात जातो असे सांगितले आणि तो एकटाच खिंडीकडे निघाला. एकदा चढला, उतरला. पुन्हा चढला, उतरला. तिसऱ्यांदा माथ्यावर पोचला तेव्हा भर दुपार होती, पण धुके इतके दाटले होते की स्वतःचे पाय दिसेनात. पाखरू बोलत नव्हते. त्याच्या मांड्या थरथरत होत्या, तोंडाला फेस आला होता, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते.

खिंडीच्या माथ्यावर विसाव्याचा धोंडा होता. छातीइतका उंच, वरून सपाट. डोक्यावर ओझे घेऊन येणारी माणसे न वाकता त्यावर ओझे टेकवत आणि दम खात. सुभाना धुक्यात चाचपडत त्याच्यापाशी आला, तेव्हा धोंड्याच्या बुडाशी कुणीतरी बसले होते. अंगावर काळे घोंगडे, डोक्यावरून थेट जमिनीपर्यंत. तोंड दिसत नव्हते.

"शीण फार झाला?" घोंगड्याआडून आवाज आला. आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हते.

"झाला खरा," सुभाना कसाबसा म्हणाला.

"मग ठेव की इथं. सगळे इथंच ठेवतात."

कुणी वाटसरू थट्टा करतो आहे असे सुभानाला वाटले. त्याने धोंड्यावर हात टेकला आणि ठेवला म्हणून सांगितले.

तेवढ्यात त्याच्या अंगातून काहीतरी निघून गेले. तिरप्या केलेल्या घागरीतून पाणी जावे तसे, आधी खांद्यांतून, मग कमरेतून, मग मांड्यांतून. थरथर थांबली. छाती शांत झाली. जणू तो नुकताच झोपून उठला होता. तो हसत उडी मारून वाटेला लागला. उतरताना सहज मागे वळून पाहिले, तर ते घोंगडे श्वास घेतल्यासारखे संथ वरखाली होत होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते मुळीच हलत नव्हते, हे त्याला गावात आल्यावर आठवले.

त्या दिवसापासून सुभाना रोज खिंडीत जाऊ लागला. चार वेळा चढे, सहा वेळा चढे, आणि दर वेळी माथ्यावर धोंड्याला हात लावून शीण ठेवून येई. दसरा जवळ आला तेव्हा तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत धावत होता. एका विश्रांतीच्या दिवशी वस्तादाने त्याला उतरताना पाहिले. त्याने जवळ बोलावून सुभानाच्या उघड्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पाठ कोरडी होती. इतकी चढण उतरून आलेल्या माणसाच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, आणि कातडी धोंड्यासारखी गार लागत होती.

वस्तादाने त्याला वाटेत कुठे थांबला होतास म्हणून विचारले. सुभानाने कुठेच नाही म्हणून सांगितले. वस्ताद म्हणाला, "तुझं अंग बोलायचं थांबलंय सुभाना. मला भीती वाटते."

सुभानाला वाटले, म्हाताऱ्याला आपला हेवा वाटतो. त्याने वस्तादाकडे जाणे बंद केले.

दसऱ्याला तो जिंकला. नुसता जिंकला नाही. दुसरा जासूद खिंडीच्या माथ्यावर होता तेव्हा हा परत येऊन गावच्या वेशीत उभा होता. किल्लेदाराच्या कारभाऱ्याने त्याच्या मनगटात कडे घातले. लोकांनी गुलाल उधळला. मग बाकीचे जासूद एकेक करून आले आणि वेशीतल्या गवतावर कोसळले. कुणी पाठीवर पडून धापा टाकत होते, कुणी एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतत होते, पायात गोळे आलेल्याचे पाय दुसरा चोळत होता, आणि दोघेही हसत होते. सुभाना कडे घालून उभा होता. त्याला तहान नव्हती. त्याचे पाय कुणी चोळावेत असे काही नव्हते. त्याला त्या गवतावर जाऊन पडावेसे वाटले, पण पडून काय करायचे ते कळेना.

मुख्य जासूद झाल्यावर सुभानाचे नाव पंचक्रोशीत झाले. त्याला बसक्याचा म्हणायची कुणाची छाती उरली नाही. तो एका दिवसात किल्ल्याला दोनदा जाऊन येई. दर खेपेला धोंड्यापाशी हात लावी. घोंगडे तिथे असेच. हिवाळा गेला, उन्हाळा आला, सगळा डोंगर तापून निघाला. पण त्या धोंड्याभोवती मात्र भर उन्हातही धुक्याचा पट्टा लोंबत असे. आणि आता लांबूनच धापा ऐकू येत. कुणीतरी फार दमलेले, फार लांबून धावत आलेले असावे, तशा. बाकीचे वाटसरू धोंड्यावर ओझे टेकवेनासे झाले. बैल त्या वळणावर अडून राहत. लोक खालच्या लांबच्या वाटेने जाऊ लागले.

घरी भागाला वेगळेच दिसू लागले होते. सुभाना जेवायला बसे, पण बसल्याजागी त्याच्या पोटऱ्या उडत राहत, जणू त्या अजून धावतच आहेत. त्याची मान पुढे आली होती. डावा खांदा खाली लोंबला होता. पाठीला बाक आला होता. तीस वर्षांचा तिचा नवरा पाठमोरा पाहिला तर साठीचा वाटे. ती सांगे, जरा सरळ बसा. तो म्हणे, सरळच तर बसलोय. तो झोपतही नव्हता. डोळे मिटून पडे एवढेच. दमल्याशिवाय झोप कुठून येणार.

एके सकाळी तिने नुकतीच सारवलेली जमीन पाहिली. दारापासून चुलीपर्यंत रक्ताची पावले उमटली होती. तिने त्याला बसवून पाय पाहिला. तळव्यात बाभळीचा काटा बोटभर आत गेला होता आणि भोवतीचे मांस काळे पडले होते. काटा आजचा नव्हता, पंधरा दिवसांचा असावा. अंगठ्याला नख नव्हते.

"तुम्हाला दुखत नाही?" तिने विचारले.

"नाही," सुभाना म्हणाला, आणि स्वतःच्या पायाकडे असा पाहू लागला, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

त्यांना दोन वर्षांची मुलगी होती, तानी. ती पूर्वी बापाच्या छातीवर कान ठेवून झोपी जाई. आता त्याने उचलले की छातीला कान लावी, दचके आणि रडत आईकडे धावे. भागाने एकदा स्वतः कान लावून पाहिला. आत घोडा उधळल्यासारखे चालले होते, आणि तो माणूस शांतपणे बसून सुपारी कातरत होता. भागाने त्याचे हात धरले, विनवण्या केल्या, वस्तादाकडे चला म्हणून सांगितले. सुभानाने तिला एकच सांगितले. मी बसलो की लोक पुन्हा बापाचे नाव काढतील.

मग भाद्रपद आला. त्या वर्षी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक जुना तलाव होता. किल्ल्याच्या बुरुजावरून तो दिसे, गावातून दिसत नसे. एका दुपारी बुरुजावरच्या पहारेकऱ्याने पाहिले की तलावाच्या बांधाला मोठी भेग गेली आहे आणि पाणी चिळकांड्या मारत बाहेर येते आहे. बांध फुटला तर गावाची खालची वाडी, शंभर सव्वाशे माणसे, गुराढोरांसकट वाहून जाणार होती. किल्लेदाराने सुभानाला बोलावून खलिता दिला. दिवस मावळायच्या आत वाडी रिकामी व्हायला हवी होती.

सुभाना निघाला. किल्ल्याची उतरण उतरला, खिंडीची चढण चढला. माथा शंभर पावलांवर असताना तो पडला. उठला आणि पुन्हा पडला. त्याला वाटले पाय घसरला. तिसऱ्यांदा उठून पाऊल टाकले, तर जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती. त्याने खाली पाहिले. त्याचे उजवे पाऊल आडवे फिरले होते. घोट्याच्या वर हाड मोडले होते आणि तो त्या मोडलेल्या हाडावर कितीतरी पावले चालला होता. दुखत नव्हते. काहीच होत नव्हते. पाऊल तेवढे नको तिकडे पाहत होते.

तो हातांवर सरपटत धोंड्यापाशी आला. धुक्यात धापांचा आवाज इतका मोठा होता की पाऊस ऐकू येत नव्हता. घोंगडे आता धोंड्याएवढेच उंच झाले होते आणि भात्यासारखे फुगत आणि बसत होते.

"पाय चालत नाही," सुभाना म्हणाला. "घे. आणखी काय ठेवू? मला वाडीत पोचायचंय."

"तुझ्याकडे फारसं उरलं नाही," आवाज म्हणाला. "शीण ठेवलास. दुखणं ठेवलंस. झोप ठेवलीस. आता श्वास ठेव. मग थांबावंच लागणार नाही."

त्याचा हात धोंड्याकडे निघाला होता, तो मधेच थांबला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या मनात आले की हे घोंगडे पांघरणारा आहे तरी कोण. त्याने दुसऱ्या हाताने घोंगड्याचे टोक धरले आणि वर उचलले.

आत कुणी नव्हते. धोंड्याचे बूड होते, ओलेचिंब आणि अंगासारखे ऊन. त्यावरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि धापा त्या दगडातून येत होत्या. वास ओळखीचा होता. सुभानाने तो ओळखला. तो त्याच्या स्वतःच्या घामाचा वास होता.

त्याने घोंगडे सोडले. खाली वाडीत माणसे होती आणि खलिता त्याच्या कमरेला होता. हाक मारावी तर जासुदाने मदतीला हाक मारायची नसते, हे त्याच्या हाडात मुरलेले होते. आणि मारलीच असती तरी कोरड्या गळ्यातून, न दुखणाऱ्या अंगातून कसली हाक येणार होती?

"माझं मला परत दे," तो म्हणाला.

"सगळं?"

"नाही. या पायाचं. एवढ्या पायाचं दे. दुखलं तरच ओरडता येईल."

पायाचे दुखणे परत आले. मोडलेले हाड, रुतलेला काटा, उखडलेले नख, आणि त्या पायावर काढलेले सगळे दिवस एकदम आले. सुभानाच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की खिंडीच्या दोन्ही कड्यांनी ती परत दिली. तो ओरडत राहिला. त्याला थांबवता येईना.

ती किंकाळी वस्तादाने ऐकली. म्हातारा पाऊस असो की ऊन, रोज अर्धी चढण चढून झऱ्यापर्यंत येत असे आणि परत जात असे. तो त्या वेळी झऱ्यापाशी होता. तो वर आला. भराभर आला, पण धावत सुटला नाही. आपल्या मापाने, पाय ठेवत ठेवत आला. त्याने सुभानाचा पाय पाहिला. मग घोंगडे पाहिले आणि दोन पावले मागे सरला.

"कधीपासून ठेवतोयस?"

"दसऱ्याच्या आधीपासून," सुभाना दातओठ खात म्हणाला. "वस्ताद, सगळंच परत मागू का?"

"एका दिवसात मागू नकोस. माझ्या उमेदीत एकजण असाच होता. त्यानं सगळं एकदम मागितलं."

"मग?"

"खलिता दे," वस्ताद म्हणाला.

त्याने खलिता कमरेला बांधला, डोक्याचे मुंडासे सोडून सुभानाचा पाय दोन काठ्यांमध्ये घट्ट बांधला आणि तो निघाला. सुभाना धुक्यात पाहत राहिला. सत्तरीचा माणूस निसरड्या उतरणीवरून धावत होता आणि त्याची मान जराही हलत नव्हती. सुभानाला वाटले, मी यापेक्षा चौपट वेगाने उतरलो असतो. मग त्याने आपल्या पायाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

वस्ताद उजेड असतानाच वाडीत पोचला. माणसे, गुरे, म्हातारी कोतारी सगळी टेकाडावर नेली गेली. दिवस मावळताना बांध फुटला. वाडीतली घरे वाहून गेली, माणूस एकही गेले नाही. मग चार गडी डोली घेऊन खिंडीत आले आणि सुभानाला उचलून घरी घेऊन गेले. त्यांनी नंतर सांगितले की धोंड्यापाशी तो एकटाच होता, पण दोघांच्या धापा ऐकू येत होत्या.

हाडवैद्याने पाय बसवला. तीन महिने सुभाना खाटेवर होता. किल्लेदाराने कडे परत मागितले नाही, जागा मात्र दुसऱ्याला दिली. लोक काही बोलले असतील, नसतीलही. भागाने दार लावून घेतले होते.

पाय जमिनीवर टेकू लागला त्या दिवशी वस्ताद आला. त्याने सुभानाला भिंतीला पाठ लावून उभे केले. टाचा, कंबर, खांदे, डोके, सगळे भिंतीला लागायला हवे होते. सुभानाचे डोके भिंतीपासून वीतभर पुढे राहिले. वस्तादाने मान ओढली नाही, दाबली नाही. रोज असाच उभा राहा, म्हणाला, आणि रोज जितके मागे येईल तितके येऊ दे. मग पाच उठाबशा. दुसऱ्या आठवड्यात सहा. कळ आली की थांबायचे. चौथ्या दिवशी काही नाही. फाल्गुनात तो काठी टेकत झऱ्यापर्यंत गेला. चैत्रात खिंडीच्या माथ्यावर पोचला.

घोंगडे तिथेच होते.

"एका दिवसाचा शीण दे," सुभाना म्हणाला आणि धोंड्याला पाठ लावून बसला.

शीण आला. मांड्या पेटल्या, पाठ भरून आली, तोंड सुकले. मग अंगाला घाम फुटला आणि डोळे जड झाले. तो तिथेच झोपला, वर्ष-दीड वर्षातली पहिली झोप. वस्ताद शेजारी बसून राहिला. घोंगड्याकडे मात्र त्याने पाठ केली नाही.

त्यानंतर सुभाना रोज येऊ लागला. एका दिवशी एकाच दिवसाचा शीण नेई. घरी जाई, तेल लावी, जेवे, झोपे. कधी कधी इतका थकलेला असे की भागा त्याला भरवी. ज्या दिवशी धावून आला असेल त्या दिवसाचा शीण त्या दिवशीच मिळता तर हलका होता. साठवलेला शीण जड झाला होता. एकेका दिवसाने माणूस आडवा होई. चौथ्या दिवशी वस्ताद त्याला जाऊ देत नसे, म्हणून वर्षभराचे ओझे उतरायला वर्षापेक्षा जास्त दिवस लागले. धापा हळूहळू कमी होत गेल्या. घोंगडे ठेंगणे होत गेले.

पुढच्या वर्षीचा वैशाख आला. आता शिणाचे थोडेच दिवस राहिले होते. वस्तादाला त्या सकाळी ताप होता, म्हणून सुभाना एकटाच आला. पाय धड झाला होता. डोके भिंतीला टेकू लागले होते. किल्लेदाराकडून निरोप आला होता की नवा जासूद आजारी आहे, दसऱ्याला सुभाना पुन्हा धावणार असेल तर जागा त्याला मिळेल. सुभाना तो निरोप मनात घोळवत धोंड्यापाशी बसला.

"आता तू तगडा झालास," आवाज म्हणाला. फार बारीक झाला होता तो. "उरलेलं सगळं आजच ने. आज मोकळा होशील. उद्यापासून पळायला लागशील."

सुभानाच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने हाताने पोटरी दाबून पाहिली. घट्ट होती. उरलेले दिवस म्हणजे कितीसे. त्याने डोळे मिटले आणि वस्ताद सांगायचा तसे अंग ऐकू लागला. उजव्या घोट्यात, हाड जुळले होते तिथे, काहीतरी हळू ठणकत होते. ओरडत नव्हते. नुसते सांगत होते.

"एका दिवसाचं दे," तो म्हणाला.

"पुन्हा विचार कर. दसरा येतोय."

"येऊ दे. एका दिवसाचं दे."

आवाज पुन्हा आला नाही. त्या दिवसाचा शीण घेऊन तो घरी गेला आणि झोपला. पुढच्या फेरीला आला तेव्हाही मागितला तेवढाच मिळाला. आषाढ लागण्याआधी एका दुपारी त्याने शीण मागितला, तर काहीच आले नाही. त्याने घोंगड्याला हात लावला. ते जमिनीवर पसरले, आत नुसती हवा होती. धोंडा गार आणि कोरडा होता. चारी बाजूंना ऊन पडले होते.

सुभाना त्या दसऱ्याला धावला नाही, पुढच्याही नाही. त्याचा उजवा पाय जरा आखूडच राहिला. वस्ताद थकला तेव्हा जासुदांना तयार करायचे काम त्याने घेतले आणि तीस वर्षे केले. त्याच्या हाताखालचे जासूद मुलखातले सर्वांत वेगवान कधीच नव्हते. पण त्यांच्यातला एकही जण वाटेत पडला नाही, आणि त्यांचे खलिते पोचत राहिले.

तात्पर्य: थकवा आणि वेदना हे शरीराचे शत्रू नसून राखणदार आहेत, त्यांना गप्प करून मिळवलेले बळ शरीरालाच खाते. म्हणून व्यायाम थोडा थोडा वाढवावा, अंग ताठ पण सैल राखावे, आणि श्रमाइतकाच विश्रांतीचाही मान ठेवावा.